संकल्प : काळाचा पत्ता

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिन्याची २७ तारीख होती. एका नातेवाइकांकडे सत्यनारायणाची पूजा होती. गुरुजींनी यजमानांच्या हातावर पळीभर पाणी घातले, अक्षता दिल्या आणि भराभर संकल्प म्हणायला सुरुवात केली. शक, संवत्सर सांगून झाल्यावर ते 'दक्षिणायने' असे म्हणाले. माझ्या शेजारी नववीतली भाची बसली होती. ती हळूच म्हणाली, "मामा, २२ डिसेंबरला उत्तरायण सुरू होतं ना? आम्हाला भूगोलात आहे." गुरुजींच्या कानांवर ते गेले. पूजा आटोपल्यावर ते हसून तिला म्हणाले, "अगं, संक्रांत अजून व्हायची आहे!"

दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी, हे समजून घ्यायचे तर संकल्प म्हणजे काय, तो कसा घडत गेला आणि त्यातल्या शब्दांचे आकाशाशी नाते काय, हे पाहावे लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी संकल्प शेकडो वेळा ऐकलेला असतो. पण पूजेतला सर्वांत वेगाने म्हटला जाणारा आणि सर्वांत कमी लक्षपूर्वक ऐकला जाणारा भाग तोच असावा.

संकल्पात काय सांगतात?

संकल्प याचा अर्थ निश्चय. 'मी अमुक कर्म करीत आहे' असे हातात पाणी घेऊन सांगायचे आणि ते पाणी ताम्हनात सोडायचे. परंतु 'मी करतो' एवढेच सांगून भागत नाही. कोठे आणि केव्हा करतो, हेही सांगावे लागते. आज आपण अर्ज लिहिताना वर स्थळ आणि दिनांक लिहितो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की संकल्पातला दिनांक ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरू होतो.

आधी काळाचे सर्वांत मोठे माप येते : ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, त्यातले कलियुग आणि त्याचा पहिला चरण. मग स्थळ : जंबुद्वीप, भरतखंड, दक्षिणापथ, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग पुन्हा काळ, पण आता लहान लहान मापांत : शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. शेवटी चंद्र, सूर्य आणि गुरू कोणकोणत्या राशीत आहेत ते सांगायचे. म्हणजे मोठ्यातून लहानाकडे यायचे. जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर या क्रमाने पत्ता सांगावा, तसा हा काळाचा पत्ता आहे.

स्थळाच्या बाबतीत एक गंमत आहे. 'गोदावरीच्या दक्षिण तीरी' हे पुण्यात, साताऱ्यात, रत्नागिरीत ठीक आहे. पण नागपूर गोदावरीच्या उत्तरेला आहे. तिथे पाठांतराने 'दक्षिण' म्हटले गेले, तर भूगोलाच्या शिक्षकांनी जरूर हरकत घ्यावी! ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची अडचण याहून मोठी आहे. तिथे जानेवारीत ऐन उन्हाळा असतो आणि संकल्पात मात्र हेमंत किंवा शिशिर येतो. पत्ता सांगायचा असेल तर तो राहत्या घराचा हवा, हे तत्त्व अशा वेळी चटकन लक्षात येते.

कोटींचा हिशेब कशासाठी?

कल्प आणि मन्वंतर यांचे आकडे मोठे आहेत. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्याच्या दहापट म्हणजे ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग. अशा एक हजार महायुगांचा एक कल्प, म्हणजे ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'आपल्या पूर्वजांना पृथ्वीचे वय माहीत होते' असे अनेकदा सांगितले जाते. वर्गातही हा प्रश्न हमखास येतो.

इथे जरा थांबून पाहिले पाहिजे. ४३२ कोटी वर्षे हा संपूर्ण कल्पाचा काळ आहे. सृष्टीचे आजचे वय विचारायचे असेल, तर कल्पातला किती काळ उलटला ते पाहायला हवे. संकल्पातल्याच हिशेबाने तो सुमारे १९७ कोटी वर्षे येतो. तो ४५४ कोटींच्या निम्माही नाही. तेव्हा हे साम्य योगायोगाचे आहे.

मग एवढे मोठे आकडे आले कशासाठी? त्याचे उत्तर आर्यभटाच्या गणितात सापडते. एका महायुगात गुरूच्या ३,६४,२२४ प्रदक्षिणा होतात, शनीच्या १,४६,५६४ होतात आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ होतात, असे त्याने दिले आहे. यात कुठेही अपूर्णांक नाही. विद्यार्थ्यांना ४३,२०,००० ला ३,६४,२२४ ने भागायला सांगा. उत्तर ११.८६ येईल. गुरूचा प्रदक्षिणाकाल आजही आपण ११.८६ वर्षे असाच देतो. शनीचा भागाकार २९.४८ येतो. आजचे मूल्य २९.४६ आहे. दशांश चिन्हाची पद्धत नसताना ग्रहांची गती सूक्ष्मपणे लिहून ठेवायची तर असा मोठा छेद घेणे सोयीचे होते. महायुग हे ग्रहगणिताचे सोयीस्कर एकक आहे. त्यातले खरे कौतुक वर्षांच्या मोठेपणाचे नाही, तर भागाकाराच्या अचूकपणाचे आहे.

कलियुगाच्या आरंभाचेही तसेच आहे. तो आरंभ इ. स. पूर्व ३१०२ मधील फेब्रुवारीत मानतात. त्या वेळी सर्व ग्रह एका ठिकाणी होते, असे धरून पुढचे गणित मांडलेले आहे. आधुनिक गणिताने मागे जाऊन पाहिले तर त्या दिवशी ग्रह एका बिंदूत नव्हते. म्हणजे तो कोणी डोळ्यांनी पाहून टिपलेला क्षण नव्हे. पुढच्या काळातील ज्योतिषांनी उलटे गणित करून ठरवलेला तो आरंभबिंदू आहे.

एकावर एक चढलेले थर

नदीच्या दरडीत जसे मातीचे थर दिसतात, तसे संकल्पात काळाचे थर दिसतात. नक्षत्रे सर्वांत जुनी. ती वैदिक वाङ्मयात आहेत. अयने आणि तिथी यांचे पद्धतशीर गणित वेदांगज्योतिषात आहे. पण त्या ग्रंथात मेष, वृषभ इत्यादी राशी नाहीत आणि वारही नाहीत. राशी आणि वार हे दोन्ही इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, ग्रीक ज्योतिषाशी आलेल्या संपर्कातून आपल्याकडे रूढ झाले. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा इ. स. ४८४ चा शिलालेख आहे. त्यात गुरुवारचा उल्लेख येतो. भारतातल्या कोरीव लेखांमध्ये वाराचा हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आहे.

शक इ. स. ७८ मध्ये सुरू झाला. त्याला 'शालिवाहन' हे नाव मात्र कित्येक शतकांनंतर जोडले गेले. साठ संवत्सरांचे चक्र गुरूच्या पाच प्रदक्षिणांवरून आले. ते विद्यार्थ्यांना सहज काढता येते. शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक. उदाहरणार्थ, शके १९४७ मध्ये १२ मिळवले की १९५९ होतात. साठाने भागल्यावर बाकी ३९ उरते. एकोणचाळिसावे नाव विश्वावसू. पण पाच प्रदक्षिणांना ६० नव्हे, तर ५९.३ वर्षे लागतात. उत्तर भारतात हा फरक भरून काढण्यासाठी साधारण ८५ वर्षांनी एक नाव गाळतात. दक्षिणेत ही प्रथा हजारएक वर्षांपूर्वीच सुटली. म्हणून एकाच वर्षाला काशीत एक नाव असते आणि पुण्यात दुसरे!

याचा अर्थ असा, की संकल्प ही एकदा तयार होऊन तशीच राहिलेली वस्तू नाही. नवे ज्ञान मिळाले की ते त्यात सामील करून घेतले जात असे. ते ज्ञान यवनांकडून आले, म्हणून कोणी वार आणि राशी बाहेर ठेवल्या नाहीत.

अयन का घसरते?

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू या. सूर्योदयाची जागा क्षितिजावर वर्षभर सरकत असते. २१ किंवा २२ डिसेंबरला ती दक्षिणेचे टोक गाठते आणि तिथून उत्तरेकडे परतू लागते. उत्तरायण या शब्दाचा अर्थच 'उत्तरेकडे जाणे' असा आहे. म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाने २७ डिसेंबरला उत्तरायण सुरू होऊन पाच-सहा दिवस झाले होते.

गुरुजी संक्रांतीची वाट पाहत होते, कारण मकरसंक्रांत म्हणजेच उत्तरायणाचा आरंभ असे परंपरा सांगते. एके काळी ते खरेही होते. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्यासारखा अतिशय सावकाश फिरतो. त्याची एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांत पूर्ण होते. त्यामुळे ऋतूंचे वर्ष हे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान असते. २० मिनिटे म्हणजे फार थोडी. पण सुमारे ७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. यालाच अयनचलन म्हणतात. आपली मकर रास ताऱ्यांना बांधलेली आहे आणि उत्तरायण ऋतूंना. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी येत होती. आज त्यांच्यात सुमारे २४ दिवसांचे अंतर पडले आहे.

संक्रांत कायम १४ जानेवारीलाच येते, हाही समज खरा नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आणखी मागे जाऊ या. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. ती संक्रांतीच्या दिवशी झाली, असे भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते. गणित केले तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. लढाईच्या दिवशी सण उलटून चार दिवस झाले होते. आजची तारीख बेधडक मागे नेली की इतिहासात अशी चूक शिरते.

वराहमिहिराचा सल्ला

हा घोळ आजच कोणाच्या लक्षात आला असे नाही. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. त्यात तो म्हणतो, की पूर्वीच्या शास्त्रांत धनिष्ठारंभी उत्तरायण सांगितले आहे, तेव्हा एके काळी ते तसे असलेच पाहिजे. पण आज ते मकरेच्या आरंभी होते. यात फरक पडला तर तो प्रत्यक्ष पाहणी करून ठरवावा. ती पाहणी कशी करायची, हेही त्याने दिले आहे. सूर्य उगवताना किंवा मावळताना त्याची जागा दूरच्या एखाद्या खुणेशी ताडून पाहावी. नाही तर मोठे वर्तुळ आखून शंकूची सावली त्यात कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, त्या खुणा कराव्यात.

या उताऱ्यात वैज्ञानिक वृत्तीचे सर्व भाग आहेत. जुन्या ग्रंथाला तो खोटे म्हणत नाही. त्या काळी ते खरे होते, असे मानतो. आज काय दिसते ते स्पष्ट सांगतो. आणि उद्या माझेही चुकेल, तेव्हा पाहून घ्या, असे म्हणून पाहायची रीत शिकवतो.

आता एक हिशेब करू या. धनिष्ठेचा आरंभ मकरेच्या आरंभापासून २३ अंश २० कला पुढे आहे. एका अंशाला ७२ वर्षे धरली तर हे अंतर सुमारे १,६८० वर्षांचे होते. एवढी घसरण झाल्यावर जुने वचन बाजूला ठेवून नवे स्वीकारण्यात आले. त्यानंतर आजवर अयन जवळजवळ तेवढेच, सुमारे २४ अंश, पुन्हा घसरले आहे. सूर्य आता मूळ नक्षत्रात असताना उत्तरायण सुरू होते. म्हणजे आपण वराहमिहिराच्याच जागी उभे आहोत. त्याने आकाश पाहिले. आपण त्याचे वाक्य पाठ केले आणि त्याचा सल्ला विसरलो.

महाराष्ट्रातला वाद

विसरलो हे मात्र सर्वांच्या बाबतीत खरे नाही. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे काम झाले. गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी त्यापुढे जाऊन सायन पंचांगाचा पुरस्कार केला. सण ऋतूंवर बसवावेत आणि अयन आकाशातले असावे, असा त्यांचा आग्रह होता.

यातले दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे आपण विशेष लक्षात ठेवावे. शिक्षक घडवणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजांतही त्यांनी काम केले. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत प्रसिद्ध केला. पंचेचाळीस वर्षांचेच आयुष्य त्यांना लाभले. त्यांचा हा ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात.

दुसरी बाजूही भक्कम होती. चैत्र हे नाव आले कोठून? त्या महिन्यातला पूर्ण चंद्र चित्रा नक्षत्राच्या जवळ दिसतो, म्हणून. पंचांग संपूर्णपणे ऋतूंना बांधले तर काही शतकांनी चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ दिसणारच नाही. ताऱ्यांशी नाते ठेवावे तर ऋतू सुटतात, ऋतू धरावेत तर तारे सुटतात. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, कारण दोन वर्षांत २० मिनिटांचा फरक आहे.

आता तारे धरायचे ठरवले, तरी मोजायला आरंभ कोठून करायचा? वेंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरला. छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळक यांनी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा धरला. या दोन बिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणून टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. अधिक मास वेगळा पडला तर त्या पंचांगाचे गणपतीही महिनाभर आधी बसतात. कोकणातल्या काही घरांत हा अनुभव आजही येतो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही सभासद होते. देशात तेव्हा तीसच्या आसपास निरनिराळी पंचांगे चालू होती. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंशी बांधलेले आहेत. धार्मिक तिथींसाठी मात्र समितीने मधला मार्ग काढून निरयन पद्धत चालू ठेवली. आकाशवाणीवर तारखेबरोबर सांगितला जाणारा शक याच दिनदर्शिकेचा.

वर्गात काय करता येईल?

शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर रोज दुपारची सर्वांत लहान सावली मोजा. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. १४ जानेवारीपर्यंत ती सहा-एक सेंटिमीटरने कमी झालेली दिसेल. सावली कमी होऊ लागली, तो दिवस उत्तरायणाचा. या दिवसांत बदल फार थोडा असतो, म्हणून एका दिवसावर निर्णय देऊ नये. नोंदी आलेखावर मांडाव्यात आणि आलेखाचा माथा शोधावा. पूर्वेचे क्षितिज मोकळे असेल तर एखादे झाड किंवा टेकडी खूण म्हणून धरावी. या तीन आठवड्यांत सूर्योदयाची जागा सूर्यबिंबाच्या सुमारे चौपट अंतराने उत्तरेकडे सरकते.

एक सावधगिरी बाळगावी. केवळ सूर्योदयाची वेळ पाहून अयन ठरवू नये. आपल्याकडे २२ डिसेंबरनंतरही सूर्योदय आणखी उशिरा होत जातो. सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला येतो. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. असे का होते, हा विद्यार्थ्यांना द्यायला चांगला प्रश्न आहे.

गुरुजी आणि भाची यांच्यात बरोबर कोण, याचे उत्तर आता देता येते. गुरुजींनी वराहमिहिराचे वचन पाळले आणि भाचीने त्याची रीत. संकल्प म्हणायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण जो म्हणतो तो हातात पाणी घेऊन 'मी आत्ता, इथे आहे' असे सांगत असतो. ते सांगणे खरे असावे, एवढी अपेक्षा तर श्रद्धावानाचीही असेल आणि वैज्ञानिकाचीही.

पुढच्या वर्षी मी गुरुजींना भाचीची वही दाखवली. तिने गच्चीवर काठी रोवून चाळीस दिवसांच्या सावल्या मांडल्या होत्या. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला, खिशातले पंचांग काढले आणि २२ डिसेंबरचे पान उघडले. तिथे बारीक अक्षरांत 'उत्तरायणारंभ' अशी नोंद होती. "इतकी वर्षं पान उलटतोय," ते म्हणाले, "इथं कधी थांबलोच नाही."